ज्ञानदानंदिनीदेवी

कविवर्य रवींद्रनाथ टागोर यांचें नांव ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडावयाचा नाहीं. त्यांचे वडील महर्षि देवेंद्रनाथ यांच्याविषयींही वरच्या वर्गांतील पुष्कळांनीं कांहीं ना कांहीं वाचलें असेल. परंतु त्याच घराण्यांतील एका सुनेची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. वास्तविक त्यांच्या संसाराचीं पहिलीं वर्षें आपल्याच मुंबई इलाख्यांत गेलीं, त्यांचा थोरला मुलगा पुण्यास जन्मला, आणि आज आपल्या माता परकर, पोलकें व पांचवारी साडी या ज्या वेषांत बाहेर पडतात त्या वेषाच्या इतिहासांत या बाईंचा मोठा वाटा आहे. त्या म्हणजे रवींद्रनाथांच्या मधल्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी.

त्यांचा जन्म २६ जुलै १८५० रोजीं जेसोर जिल्ह्यांतील नरेंद्रपूर या खेड्यांत झाला. हा प्रदेश आतां बांगलादेशांत मोडतो. वडिलांचें नांव अभयचरण मुखोपाध्याय. सात-आठ वर्षांच्या वयांत लग्न होऊन ही मुलगी कलकत्त्याच्या जोडासांको भागांतील टागोरांच्या प्रचंड वाड्यांत आली. पति सत्येंद्रनाथ हे देवेंद्रनाथांचे दुसरे चिरंजीव. वयानें पत्नीपेक्षां आठ वर्षांनीं मोठे.

हें घर विद्येचें व धर्मसुधारणेचें माहेरघर समजलें जात असे. पण अंतःपुराचा उंबरठा तेथेंही उंचच होता. घरच्या स्त्रियांना गंगास्नानाची इच्छा झाली, तर त्यांना बंद मेण्यांत बसवून नदीवर नेत आणि मेण्यासकट पाण्यांत बुडवून परत आणीत! परपुरुषाची दृष्टि पडूं नये यासाठीं केवढा हा खटाटोप.

मात्र या पडद्याच्या मुळाशीं केवळ रूढीच होती असें नाहीं, वस्त्रही होतें. त्या काळीं बंगालमधील घरंदाज स्त्री घरांत एकच साडी अंगाभोंवतीं गुंडाळून घेई. आंत परकर नाहीं, वर चोळी नाहीं. कापड जितकें श्रीमंतीचें तितकें तलम. अशा वेषांत चार भिंतींच्या आंत स्त्रियांमध्यें वावरतां येई. रस्त्यावर पाऊल टाकतां येत नसे. आपल्याकडील नऊवारी लुगड्याला कासोटा असतो, अंगांत चोळी असते. त्या वेषांत आपल्या पणज्या शेतांत राबल्या, घाट चढल्या, वारीला गेल्या. बंगाली कुलस्त्रीला तें साधन नव्हतें. तेव्हां बाहेर कां जात नाहीस असें तिला विचारणाऱ्यानें, काय नेसून जाऊं या तिच्या प्रश्नाचें उत्तर आधीं द्यावयास हवें होतें.

सत्येंद्रनाथांच्या मनांत स्त्रियांच्या मोकळीकीविषयीं तरुणपणापासून मोठी तळमळ होती. त्या वयांतील एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. त्यांचे मित्र मनमोहन घोष यांना मित्राची पत्नी पहावयाची होती. परक्या पुरुषानें अंतःपुरांत जाणें तर अशक्य. मग एके रात्रीं दोघे मित्र पावलाला पाऊल जुळवून, एकच मनुष्य चालत आहे असा आवाज काढीत, आंत गेले. सत्येंद्रनाथांनीं मित्राला मच्छरदाणींत ढकललें व आपण बाजूला झाले. आंत एका टोंकाला डोक्यावरून पदर ओढून बसलेली मुलगी, दुसऱ्या टोंकाला गांगरून गेलेले मनमोहन! दोघांपैकीं कोणाच्याही तोंडून शब्द निघाला नाहीं. थोड्या वेळानें पुन्हां तसेंच पाऊल जुळवीत दोघे मित्र बाहेर पडले.

१८६२ मध्यें हे दोघे मित्र विलायतेस गेले. १८६३ मध्यें सत्येंद्रनाथ सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले. या परीक्षेंत यश मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. तेथून ते पत्नीला लांबलचक पत्रें लिहीत व शिक्षणाचा आग्रह धरीत. तिला विलायतेस पाठवावें अशी विनंति त्यांनीं वडिलांनाही केली, पण देवेंद्रनाथांनीं ती मान्य केली नाहीं. इकडे घरीं धाकटे दीर हेमेंद्रनाथ वहिन्यांना शिकवीत. सुना पदर ओढून बसत आणि मास्तर दरडावले कीं दचकत. याच शिकवणींत ज्ञानदानंदिनी बंगाली काव्यें वाचण्याइतक्या तयार झाल्या.

१८६४ च्या अखेरीस सत्येंद्रनाथ परतले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली होती, आणि पत्नीला बरोबर नेण्यास या वेळीं वडिलांनीं संमति दिली. आतां खरा प्रश्न पुढें आला. आगबोटीवर परक्या लोकांत ही चौदा वर्षांची मुलगी कोणत्या वेषांत जाणार? एका फ्रेंच दुकानाकडून पौर्वात्य म्हणतात तसा एक झगा शिववून घेण्यांत आला. तो इतका अवघड निघाला कीं ज्ञानदानंदिनींना तो एकट्यानें घालतां येईना. दर वेळीं पतीची मदत लागे. शिंप्यानें कापड उत्तम वापरलें असेल, पण तें कोणाच्या अंगावर चढावयाचें आहे याचा विचार त्यानें केला नसावा. बंदरापर्यंत गाडींतून न्यावें असें सत्येंद्रनाथांच्या मनांत होतें. पण सुनेनें बाहेरच्या चौकांतून चालत जाऊन गाडींत बसावें ही कल्पना घरांत कोणालाही सहन होईना. शेवटीं पालखीच आली.

मुंबईंत हें जोडपें पहिले कांहीं महिने माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांच्या घरीं राहिलें. माणकजी हे स्त्रीशिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते. मुंबईंतील अलेक्झांड्रा कन्याशाळा १८६३ मध्यें त्यांच्याच खटपटीनें निघाली. त्यांच्या सुशिक्षित मुलींच्या सहवासांत ज्ञानदानंदिनींनीं बरेंच कांहीं प्रथम पाहिलें. घरांतील स्त्रिया पुरुषांबरोबर मेजावर जेवावयास बसतात, पाहुण्यांशीं बोलतात, संध्याकाळीं गाडींतून हवा खावयास जातात, आणि तरीही त्यांच्या मर्यादेला कोठें उणेपणा येत नाहीं! जोडासांकोहून आलेल्या मुलीनें हें पाहून घाबरून जावें हें साहजिकच होतें. कांहीं दिवस त्यांना धड बोलतांही येत नसे. परंतु त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते सर्वांत आधीं वेषावर खिळले.

पारशी स्त्रिया साडीच नेसत. पण आंत परकर, अंगांत नीट बेतलेलें पोलकें, पायांत मोजे व जोडे. तो फ्रेंच झगा पेटींत गेला तो गेलाच. ज्ञानदानंदिनींनीं साडी नेसण्याची ही नवी रीत आत्मसात केली. परंतु ती जशीच्या तशी उचलली नाहीं. पारशी बायकांचा पदर उजव्या खांद्यावर येई. त्यांनीं तो डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला. वरवर पाहतां फरक एका खांद्याचा. पण ज्या हातानें लिहावयाचें, पाहुण्याला अभिवादन करावयाचें, मुलाचें बोट धरावयाचें, तो हात वस्त्र सांवरण्याच्या कामांतून सुटला. आपल्या नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, तेव्हां महाराष्ट्रीय वाचकांना यांत नवल वाटणार नाहीं. बंगालला मात्र तें नवें होतें. साडीखालीं शेमीज, परकर, जाकीट असे शिवलेले कपडे आले आणि बंगाली स्त्रीचा बाहेर जाण्याचा वेष तयार झाला.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. घरच्या मुलींना सभ्य व सोईचा वेष कोणता द्यावा याची चिंता खुद्द देवेंद्रनाथांनाही बरींच वर्षें होती. घरीं शिंपी बसवून त्यांनीं परोपरीचे कपडे मुलींसाठीं शिववून पाहिले होते. एकही मनास येईना. त्यांची ही हुरहुर ज्ञानदानंदिनी मुंबईहून हा वेष करून आल्या तेव्हां मिटली, असें त्यांची कन्या स्वर्णकुमारीदेवी यांनीं लिहून ठेविलें आहे. महर्षींना जें साधलें नाहीं तें त्यांच्या सुनेनें एका परक्या घरीं पाहुणी राहून साधलें.

मात्र त्या कलकत्त्यास परतल्या तो दिवस आनंदाचा झाला नाहीं. १८६६ मध्यें सत्येंद्रनाथ रजेवर घरीं आले. घरची सून दाराशीं गाडींतून उतरली, आणि सर्वांच्या देखत स्वतःच्या पायांनीं चालत आंत आली. घरांत रडारड झाली. जुन्या चाकरांच्या डोळ्यांनाही पाणी आलें. कित्येक दिवस आप्तांनीं त्यांना परकेपणानेंच वागविलें. सोळा वर्षांच्या मुलीला हें सोसणें सोपें गेलें नसेल. त्याच वर्षीं व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्या वाड्यांत मेजवानी होती. त्या समारंभास ज्ञानदानंदिनी गेल्या. कुलीन बंगाली स्त्री अशा ठिकाणीं येईल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. म्हणून पुष्कळांनीं त्यांना भोपाळची बेगमच समजून घेतलें! पण नात्यांतील वडीलधारे प्रसन्नकुमार टागोर यांनीं त्यांना ओळखलें, आणि घराण्याची सून येथें पाहून शरमेनें ते समारंभ सोडून निघून गेले. या प्रसन्नकुमारांचा उल्लेख पुढें पुन्हां करावयाचा आहे.

घरच्यांची नाराजी झाली म्हणून वेष बदलला नाहीं. उलट हळूहळू घरांतील जावा व नणंदा तसें नेसूं लागल्या. आपणांपाशीं येईल तिला हा वेष शिकवूं अशी जाहिरात ज्ञानदानंदिनींनीं बामाबोधिनी पत्रिका या स्त्रियांच्या मासिकांत दिली. ब्राह्मसमाजाच्या स्त्रियांनीं तो प्रथम उचलला, म्हणून त्याला ब्राह्मिका साडी हें नांव पडलें. कोणी त्याला मुंबईची रीत म्हणत. पुढें इतरांनीं त्यांत आपापल्या परी भर घातली, आणि आजची पद्धत ही अनेक हातांची कृति आहे. तेव्हां आजची साडी एकट्या ज्ञानदानंदिनींनीं निर्माण केली असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिच्या घरीं शिंप्याला द्यावयास पैसे होते तिच्यासाठीं हा वेष सुखाचा झाला. जिला एकच साडी परवडे ती गरीब बाई मात्र पुढें पोलक्यावांचून असभ्य दिसूं लागली. वास्तविक ती आधींपासूनच नदीवर, बाजारांत, शेतावर चालत जात होती. तिला बाहेर पडण्यास कोणाची परवानगी लागली नव्हती.

सत्येंद्रनाथांच्या नोकरीमुळें बिऱ्हाड सारखें हलत असे. सुरुवात अहमदाबादेस झाली. १८७२ मध्यें पुण्यास सुरेंद्रनाथ जन्मले, आणि १८७३ च्या डिसेंबरांत विजापूरकडे इंदिरा. पुढें कवींद्र हा आणखी एक मुलगा झाला. सासरच्या वाड्यांत मुलें दासदासींच्या हातीं वाढत व आईबापांची भेट ठराविक वेळीं होई. या बिऱ्हाडांत आई मुलांजवळ होती. संध्याकाळीं नवराबायकोनें बरोबर फिरावयास निघणें, मुलांचे वाढदिवस साजरे करणें, या चाली टागोर घराण्यांत ज्ञानदानंदिनींनीं पाडल्या असें मानतात. सत्येंद्रनाथांनाही हा मुलूख आवडला. तुकोबांच्या अभंगांचें त्यांनीं बंगालींत भाषांतर केलें, व या इलाख्याच्या वर्णनाचा एक ग्रंथही लिहिला.

१८७७ मध्यें या बाईंनीं जें केलें तें आजच्या काळींही धाडसाचें ठरावें. पति बरोबर नसतां, पांच वर्षांच्या आंतील तीन मुलांना घेऊन, स्वतः गरोदर असतां, त्या आगबोटीनें विलायतेस निघाल्या. इंग्रजी बेताचेंच येत होतें. लंडनला त्यांना उतरवून घ्यावयास कोण आलें असेल? ज्ञानेंद्रमोहन टागोर. हे त्याच प्रसन्नकुमारांचे पुत्र! यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून वडिलांनीं यांना वारसा नाकारला होता. विलायतेंत बॅरिस्टर झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ज्या सुनेला मेजवानींत पाहून वडील उठून गेले, तिला परमुलुखांत मुलानें आपल्या घरीं आसरा दिला. काळ कसे धागे गुंफतो हें पाहून मन थक्क होतें.

पुढें ब्रायटन या समुद्रकांठच्या गांवीं मेदिना व्हिलाज येथें बिऱ्हाड झालें. विलायतेच्या या मुक्कामांत मोठें दुःख वांट्याला आलें. तेथें जन्मलेलें मूल वांचलें नाहीं, आणि लहानग्या कवींद्रालाही मृत्यूनें नेलें. जवळ पति नाहीं, सासर-माहेरचें कोणी नाहीं; उरलेल्या दोन मुलांचें जेवणखाण, कपडे व शिक्षण तर एक दिवसही थांबणारें नव्हतें. सुरेन व इंदिरा यांच्यासाठीं ती आई पुन्हां कामाला लागली.

१८७८ च्या शरदांत सत्येंद्रनाथ रजा घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर सतरा वर्षांचे धाकटे दीर रवींद्रनाथ होते. घर पुन्हां भरलें. या काकाचें आणि दोन भाचरांसारख्या लाडक्या पुतण्यांचें असें कांहीं जमलें कीं तें जन्मभर टिकलें. ब्रायटनला पहिलें बर्फ पडलें त्या रात्रीचें, चांदण्यांत पांढऱ्या झालेल्या त्या जगाचें कौतुक रवींद्रनाथांना म्हातारपणींही वाटे. आईवेगळ्या या दिराला मधल्या वहिनींच्या घरांतच घरपण मिळालें. १८८० मध्यें सर्व मंडळी परत आली.

आतां मुलांच्या शाळेचा प्रश्न आला. सत्येंद्रनाथांच्या बदल्या चालूच. म्हणून ज्ञानदानंदिनींनीं कलकत्त्यांत निराळें घर घेऊन मुलांना शिकविण्याचें ठरविलें. इंदिरेला नन्सच्या लोरेटो शाळेंत घातलें. मिशनच्या शाळेंत मुलगी पाठविणारी आई म्हटल्यावर आपल्या वाचकांना ही गोष्ट थोडी घरची वाटेल. मुलांच्या सुट्ट्या मात्र बहुधा वडिलांच्या मुक्कामीं जात, आणि कधीं कधीं सारें गोत तेथें लोटे.

अशी एक सहल कारवारची. १८८३ मध्यें सत्येंद्रनाथ तेथें जज्ज होते, आणि टागोरांचीं बरींच माणसें त्यांच्याकडे येऊन राहिलीं. एके दिवशीं संध्याकाळीं ही मंडळी होडींतून काळी नदीच्या पात्रांतून वर गेली. वाटेंत शिवाजी महाराजांच्या काळचा एक डोंगरी किल्ला पाहिला, एका शेतकऱ्याच्या झाडून लखलखीत केलेल्या अंगणांत बसून जेवण केलें, आणि प्रवाहाबरोबर परत फिरलीं. मुखाशीं येतांयेतां रात्र फार झाली. मग सर्वजण होडींतून उतरून चांदण्यांत वाळूवरून चालत घरीं आले. रवींद्रनाथांनीं आपल्या आठवणींत हें चांदणें फार सुरेख उतरविलें आहे. वाचतांना मला राहून राहून तो मेणा आठवतो, ज्याच्यासकट त्याच घरच्या बायकांना गंगेंत बुडवीत. दोहोंमध्यें पुरीं वीस-पंचवीस वर्षेंही नसतील.

त्याच वर्षीं रवींद्रनाथांसाठीं वधू पाहण्यास मंडळी जेसोरकडे निघाली, तीही ज्ञानदानंदिनींच्याच पुढारपणाखालीं, आणि अर्थात् सुरेन व इंदिरा बरोबर. वधू ठरली ती अवघी दहा वर्षांची. लग्नानंतर ती मृणालिनी नांवानें ओळखली जाऊं लागली. तिला आपल्या हाताखालीं घेऊन, चालरीत शिकवून, लोरेटो शाळेंत पाठविण्याची व्यवस्था याच जावेनें केली. आपण स्वतः कशा पदर ओढून, दचकत शिकलों हें त्या विसरल्या नसाव्यात.

१८८५ मध्यें त्यांनीं बालक नांवाचें मुलांचें मासिक काढलें. घरांतील मुलांनीं लिहावें हा मूळ हेतु. पण मासिक म्हणजे दर महिन्यास भुकेलेलें पोर. मुलांच्या लेखणीनें त्याचें पोट भरेना. मग वहिनींनीं दिराला कामास जुंपलें, आणि रवींद्रनाथांनीं त्यांत भराभर लिहिलें. त्यांची राजर्षि ही कादंबरी बालकमध्यें क्रमशः येऊं लागली. वर्षभरानें तें मासिक भारती या दुसऱ्या मासिकांत विलीन झालें. मुलांसाठीं ज्ञानदानंदिनींनीं स्वतः दोन नाटुकलीं लिहिलीं, टाक डुमाडुम डुम आणि सात भाई चंपा. दोन्ही आजीच्या गोष्टींवरून रचलेलीं आहेत.

१८९७ मध्यें सत्येंद्रनाथ साताऱ्याहून जज्जाच्या जागेवरून निवृत्त झाले. त्यांचें कलकत्त्याचें घर पुढें पुष्कळ वर्षें आल्यागेल्यांनीं भरलेलें असे, आणि उतारवयांत रांचीलाही त्यांचा मुक्काम असे. १९२३ मध्यें सत्येंद्रनाथ वारले. आईच्या डोळ्यांदेखत मुलें नांवारूपास आलीं. सुरेंद्रनाथांनीं काकांच्या आठवणींचें इंग्रजी भाषांतर केलें. इंदिरादेवी १८९२ मध्यें पदवीधर झाल्या. फ्रेंच भाषा व संगीत यांत त्यांचा अधिकार मोठा होता, आणि रवींद्रनाथांच्या गाण्यांचे सूर जपून ठेवणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. तरुण रवींद्रनाथांनीं पद्मेच्या कांठावरून जीं सुप्रसिद्ध पत्रें लिहिलीं, त्यांतलीं बहुतेक या पुतणीलाच होत.

दीर्घायुष्याचें दुःखही ज्ञानदानंदिनींना भोगावें लागलें. १९४० मध्यें सुरेंद्रनाथ गेले. ७ ऑगस्ट १९४१ रोजीं रवींद्रनाथ गेले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहींत, तोंच १ ऑक्टोबर १९४१ रोजीं वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. म्हातारपणीं त्यांनीं आपल्या आठवणी मुलीला सांगितल्या होत्या. इंदिरादेवींनीं त्या, वडिलांच्या विलायतेहून आलेल्या पत्रांसह, पुरातनी या नांवानें १९५७ मध्यें प्रसिद्ध केल्या. त्या मच्छरदाणींतल्या रात्रीची गोष्ट आपणांपर्यंत आली आहे ती याच पुस्तकामुळें.